प्रकाशाची फूटपट्टी, प्रकाशाचाच तापमापक

नागपूरच्या दक्षिणेकडील बेसा हे एकेकाळी शेतांनी वेढलेले गाव होते. आज तेथे बहुमजली इमारतींच्या रांगा उभ्या आहेत आणि पश्चिमेला सोनेगावच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळावरून झेपावणारी विमाने तेथील रहिवाशांच्या अंगवळणी पडली आहेत. विमानतळालगतच्या मिहान प्रकल्पात २०१५ पासून मोठ्या विमानांच्या देखभाल-दुरुस्तीचे केंद्रही आहे. डोक्यावरून जाणाऱ्या या विमानाभोवतीच्या हवेचे तापमान किती, आणि त्याच्या इंजिनातून बाहेर फेकल्या जाणाऱ्या वायूचा वेग किती, असा प्रश्न एखाद्या शाळकरी मुलाने विचारला तर तो अगदी साधा वाटेल. तापमापक लावावा आणि आकडा वाचावा, एवढेच त्याचे उत्तर असेल, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात मात्र वेगवान वायूचे तापमान मोजणे हे अभियांत्रिकीतील अत्यंत अवघड कामांपैकी एक आहे. त्याचे कारण असे, की तापमापक प्रवाहात शिरताक्षणीच ज्या गोष्टीचे मोजमाप करायचे तीच गोष्ट बदलून जाते.

तापमापक खोटे का बोलतो?

वायू म्हणजे अखंड धावपळ करणाऱ्या रेणूंचा समुदाय. या रेणूंची जी स्वैर, अस्ताव्यस्त हालचाल असते, तिचेच माप म्हणजे तापमान. परंतु वायू जेव्हा वेगाने वाहतो, तेव्हा या स्वैर हालचालीखेरीज सर्व रेणूंना मिळून एका दिशेचा वेगही असतो. अशा प्रवाहात तापमापकाची कांडी धरली, की तिच्या तोंडाशी येणारा वायू जागच्या जागी थबकतो. त्याचा एकदिश वेग नाहीसा होतो आणि त्यातील ऊर्जेचे रूपांतर स्वैर हालचालीत, म्हणजेच उष्णतेत होते. त्यामुळे कांडीला जाणवते ते वाहत्या वायूचे तापमान नसतेच; ते असते थांबवलेल्या वायूचे तापमान.

स्कूटरच्या वेगाला हा फरक अंशाच्या अंशाइतकाही भरत नाही. म्हणून दैनंदिन जीवनात तो कोणाच्या लक्षात येत नाही. प्रवासी विमान मात्र अकरा किलोमीटर उंचीवर सेकंदाला सुमारे २५० मीटर वेगाने जाते. तेथील हवा उणे ५५ अंश सेल्सिअसच्या आसपास असते, पण विमानाच्या बाहेरील संवेदकावर उणे २५ अंशांच्या जवळपासचा आकडा उमटतो. तीस अंशांची ही तफावत विमानातील संगणक गणिताने वजा करतो. ध्वनीच्या सहापट वेगाने, म्हणजे ज्याला ‘मॅक ६’ म्हणतात त्या वेगाने तीस किलोमीटर उंचीवरून जाणाऱ्या यानाची गोष्ट तर आणखी वेगळी. तेथे बाहेरची हवा उणे ४५ अंशांच्या घरात असते आणि यानाच्या नाकाशी थबकलेली हवा सुमारे १४०० अंशांवर पोहोचते. पोलाद मऊ पडावे, असे हे तापमान आहे.

प्रयोगशाळेतील वातबोगद्यात, म्हणजे विंड टनेलमध्ये, याच्या उलट गंमत घडते. तेथे हवा आधी तापवतात आणि मग एका नळकांड्यातून प्रसरण पावू देतात. प्रसरणात हवेला वेग मिळतो, पण तो तिच्याच उष्णतेच्या मोबदल्यात. दोनशे अंशांपर्यंत तापवलेली हवा मॅक ६ ला पोहोचेपर्यंत उणे २१५ अंशांपर्यंत थंड होते. आधी तापवली नाही तर ती वाटेतच द्रवरूप होऊ लागेल. अशा प्रवाहात कांडी धरली तर ती दाखवेल जवळपास दोनशे अंश. खरे तापमान आणि मोजलेले तापमान यांत चारशे अंशांचे अंतर!

चूक एवढ्यावर थांबत नाही. स्वनातीत प्रवाहात कांडी शिरली, की तिच्यापुढे आघाततरंग उभा राहतो आणि पुढील साऱ्या प्रवाहाची घडी विस्कटते. शिवाय काही प्रयोग अवघे काही मिलिसेकंद टिकतात. ‘शॉक टनेल’ नावाच्या उपकरणात चांगला प्रवाह तेवढाच वेळ मिळतो. आयआयटी मुंबई आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था येथे अशी उपकरणे आहेत. तेवढ्या अवधीत साधा तापमापक जागाही होत नाही. आणि ज्वलनकक्षात तर कांडी वितळण्याचीच भीती. म्हणून अशा ठिकाणी मोजमाप करणाऱ्याला असे साधन हवे असते, की ज्याला वजन नाही, जे वितळत नाही, प्रवाहाला अडवत नाही आणि क्षणार्धात उत्तर देते. असे साधन एकच आहे, ते म्हणजे प्रकाश. १९६० मध्ये थिओडोर मैमन यांनी पहिला लेसर तयार केला आणि या कामासाठी हवा असलेला एकरंगी, एकदिश, प्रखर प्रकाश हाती आला.

मजल्यावरचे दिवे

प्रकाशाने तापमान कसे कळते, हे समजून घेण्यासाठी बेसासारख्या वस्तीतील एखादी बहुमजली इमारत डोळ्यांपुढे आणावी. वायूचा रेणू स्वतःभोवती फिरत असतो, कंपने पावत असतो. परंतु ही फिरकी आणि ही कंपने वाटेल त्या प्रमाणात असू शकत नाहीत. पुंजभौतिकीच्या नियमानुसार त्यांच्या ऊर्जेला ठरावीक पायऱ्या असतात. या पायऱ्या म्हणजे इमारतीचे मजले समजावेत आणि रेणू म्हणजे रहिवासी. वायू थंड असेल तर बहुतेक रेणू खालच्या मजल्यांवर गर्दी करतात. तापमान वाढत जाते, तसतसे अधिकाधिक रेणू वरच्या मजल्यांवर जाऊन राहतात. कोणत्या तापमानाला कोणत्या मजल्यावर किती वस्ती असेल, याचे नेमके सूत्र एकोणिसाव्या शतकात लुडविग बोल्ट्झमन यांनी दिले. त्यामुळे इमारतीत पाऊल न टाकता, बाहेरूनच दोन मजल्यांवरील दिव्यांची संख्या मोजून त्यांचे गुणोत्तर काढले, तर आतील तापमान सांगता येते.

हे दिवे मोजण्याचे काम लेसर करतो. प्रत्येक मजल्यावरील रेणू प्रकाशाचा एक ठरावीक रंग शोषून घेतो. ज्वलनातून पाण्याची वाफ हमखास तयार होते आणि ही वाफ डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशातील, सुमारे १.४ मायक्रोमीटर तरंगलांबीच्या आसपासचे अनेक रंग शोषते. म्हणून ज्वलनकक्षाच्या एका भिंतीतील लहानशा खिडकीतून लेसरचा किरण आत सोडतात आणि समोरच्या खिडकीपाशी तो किती उरला हे पाहतात. लेसरचा रंग विद्युतप्रवाहाच्या साहाय्याने सेकंदाला हजारो वेळा किंचित पुढे-मागे सरकवला जातो. खालच्या मजल्याशी संबंधित रंग किती शोषला गेला आणि वरच्या मजल्याशी संबंधित रंग किती, या दोन आकड्यांच्या गुणोत्तरातून तापमान निघते. दोन्ही आकड्यांची बेरीज-वजाबाकी न करता गुणोत्तर घेण्याचा लाभ असा, की खिडकीवर काजळी बसली आणि प्रकाश थोडा मंदावला, तरी उत्तर बिघडत नाही. कारण काजळी दोन्ही रंगांना सारखीच अडवते.

या पद्धतीला लागणारे लहान अर्धवाहक लेसर दूरध्वनी आणि इंटरनेटच्या प्रकाशतंतूंसाठी विकसित झालेल्या लेसरांचे भाऊबंद आहेत. दळणवळणाच्या बाजारपेठेमुळे ते स्वस्त आणि मजबूत झाले. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात रोनाल्ड हॅन्सन यांच्या गटाने या तंत्राचा पाया घालण्यात मोठा वाटा उचलला.

अजनीची शिट्टी आणि वायूचा वेग

तापमान कळले, आता वेग. अजनी रेल्वेस्थानकावर उभे असताना एखादी न थांबणारी गाडी शिट्टी वाजवत जवळ येते तेव्हा शिट्टीचा स्वर चढा लागतो आणि ती पुढे निघून जाताच स्वर एकाएकी उतरतो. हाच डॉप्लर परिणाम. प्रकाशालाही तो लागू पडतो. वायूचा रेणू लेसरच्या दिशेने येत असेल तर त्याला प्रकाशाचा रंग किंचित निळसर भासतो, दूर जात असेल तर किंचित तांबूस. परिणामी त्याच्या शोषणाचा रंगही तेवढाच सरकतो.

हे सरकणे किती सूक्ष्म असते, हे पाहण्यासारखे आहे. वायूचा वेग सेकंदाला दोन किलोमीटर असला, तरी प्रकाशाचा वेग सेकंदाला तीन लाख किलोमीटर. म्हणजे रंगातील बदल दीड लाखांतील एका भागाइतका. तरीही लेसरचा रंग इतका शुद्ध असतो, की हा बदल पकडता येतो. त्यासाठी दोन किरण वापरतात. एक प्रवाहाच्या विरुद्ध दिशेला तिरपा, दुसरा प्रवाहाच्या दिशेला तिरपा. एकाच शोषणरेषेचे एका किरणात एका बाजूला आणि दुसऱ्यात दुसऱ्या बाजूला सरकणे दिसते. या दोन रेषांतील अंतर मोजले, की वेग हाती येतो. आणि मूळ रंग कोठे होता हे तंतोतंत माहीत असण्याची गरजही उरत नाही.

रामन यांचा दुवा

प्रकाश शोषला जातो, तसा तो विखुरलाही जातो. या विखुरण्याच्या अभ्यासाशी नागपूरचा एक हृद्य संबंध आहे. सर चंद्रशेखर वेंकट रामन हे भारत सरकारच्या अर्थखात्यात अधिकारी असताना १९१० च्या सुमारास काही काळ नागपुरात नेमणुकीवर होते. पुढे कोलकात्यात २८ फेब्रुवारी १९२८ रोजी त्यांनी जो शोध लावला, त्याला ‘रामन परिणाम’ म्हणून जग ओळखते आणि त्यासाठी १९३० मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. नागपुरातील गांधीसागर तलावाजवळचे रामन विज्ञान केंद्र १९९२ पासून त्यांचे नाव मिरवत आहे.

रेणूवर पडलेला बहुतेक प्रकाश आपला रंग न बदलता विखुरतो. त्याला रॅले प्रकीर्णन म्हणतात. काही अत्यल्प प्रकाश मात्र रेणूच्या फिरकीशी किंवा कंपनाशी ऊर्जेची देवघेव करून वेगळ्या रंगाने बाहेर पडतो. हाच रामन परिणाम. प्रत्येक मजल्याचा रेणू आपापली खूण त्या रंगावर उमटवतो, म्हणून त्यातून तापमान वाचता येते. विशेष म्हणजे यासाठी पाण्याच्या वाफेची गरज नाही. हवेचा पाऊण हिस्सा ज्याने व्यापला आहे तो नायट्रोजनच तापमापक बनतो. अडचण एवढीच, की हा प्रकाश रॅले प्रकीर्णनाच्याही सुमारे हजारपट क्षीण असतो आणि धगधगत्या ज्वालेच्या उजेडात तो हरवून जातो.

या अडचणीवरचा उपाय १९६५ मध्ये फोर्ड मोटर कंपनीच्या प्रयोगशाळेतील मेकर आणि टेरह्यून यांच्या प्रयोगातून पुढे आला. दोन निरनिराळ्या रंगांचे लेसर एकाच बिंदूवर असे एकवटायचे, की त्यांच्या रंगांतील फरक रेणूच्या कंपनाशी बरोबर जुळेल. मग सारे रेणू तालात कंपने पावू लागतात आणि त्यांच्याकडून येणारा रामन प्रकाश सर्व दिशांना न विखुरता एखाद्या लेसरकिरणासारखाच एका दिशेने बाहेर पडतो. ‘कार्स’ या संक्षिप्त नावाने हे तंत्र ओळखले जाते. १९७० च्या दशकात फ्रान्समधील ओनेरा या संस्थेत त्याचा ज्वालांच्या अभ्यासासाठी वापर सुरू झाला. लेसरचा एक स्पंद सुमारे दहा नॅनोसेकंदांचा असतो. तेवढ्या वेळात सेकंदाला दोन किलोमीटर वेगाचा वायूही मिलिमीटरचा अवघा पन्नासावा भाग पुढे सरकतो. म्हणजे कितीही धावता प्रवाह असो, मोजमापापुरता तो गोठलेला असतो.

रॅले प्रकीर्णनाचाही उपयोग होतो. विखुरलेल्या प्रकाशाचा रंग एकूण किती सरकला यावरून वेग कळतो, आणि रेणूंच्या स्वैर धावपळीमुळे तो रंग किती पसरट झाला यावरून तापमान. भिंतीवरून परावर्तित होणारा लेसरचा प्रखर प्रकाश मात्र या क्षीण संकेताला झाकोळतो. त्यावरील तोडगा मोठा कल्पक आहे. कॅमेऱ्यापुढे आयोडीनच्या वाफेने भरलेली काचेची नळी ठेवतात. ही वाफ लेसरचा मूळ हिरवा रंग गिळून टाकते. वाहत्या वायूने किंचित बदललेला रंग मात्र त्यातून पार होतो.

धुळीचे कण आणि नायट्रोजनची रेघ

वेग मोजण्याचा आणखी एक जुना मार्ग म्हणजे प्रवाहात सूक्ष्म कण सोडून त्यांची हालचाल पाहणे. १९६४ मध्ये कोलंबिया विद्यापीठात ये आणि कमिन्स यांनी द्रवातील कणांवरून विखुरलेल्या लेसरच्या डॉप्लर बदलातून वेग मोजून दाखवला. पुढे दोन स्पंदांत कणांची दोन छायाचित्रे टिपून साऱ्या प्रवाहाचा नकाशा काढण्याची पद्धत रूढ झाली. पण अतिवेगवान प्रवाहात ही पद्धत अडखळते. आघाततरंग ओलांडताना वायूचा वेग एकदम घटतो. कण मात्र वजनामुळे काही अंतर आपल्याच वेगात पुढे जात राहतो. वळणावर वाहन थांबले तरी आतील प्रवासी पुढे झुकावा, तसा हा प्रकार. कणाचा वेग अचूक मोजला तरी तो वायूचा वेग नसतो.

म्हणून कणांऐवजी वायूच्या रेणूंनाच खूण करण्याची कल्पना पुढे आली. २०११ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठातील संशोधकांनी ‘फ्लीट’ नावाचे तंत्र मांडले. सेकंदाच्या अब्जांश भागाच्याही दहा लाखाव्या भागात मोजला जाणारा लेसरचा अतिलघु स्पंद हवेतील नायट्रोजनचे रेणू फोडतो. सुटे झालेले अणू पुन्हा एकत्र येताना काही काळ मंद प्रकाशतात आणि हवेत एक उजळ रेघ उमटते. प्रवाहाबरोबर ती रेघ वाहत जाते. एका मायक्रोसेकंदाने पुन्हा छायाचित्र घेतल्यावर ती दोन मिलिमीटर सरकलेली दिसली, तर वायूचा वेग सेकंदाला दोन किलोमीटर. बाहेरून काहीही मिसळावे लागत नाही. हवेवर हवेनेच लिहिले जाते.

पाच टक्क्यांची किंमत

एवढा खटाटोप कशासाठी, याचे उत्तर स्क्रॅमजेट इंजिनात सापडते. हे इंजिन प्राणवायू सोबत नेत नाही. समोरून येणाऱ्या हवेतूनच तो घेते. मात्र इंजिनाच्या आतही हवा ध्वनीपेक्षा अधिक वेगाने वाहत असते. एक मीटर लांबीचा ज्वलनकक्ष ती सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळात पार करते. तेवढ्यात इंधन मिसळले पाहिजे, पेटले पाहिजे आणि जळून संपले पाहिजे.

इंजिनाला मिळणारा रेटा हा आत आलेल्या आणि बाहेर पडलेल्या वायूच्या वेगांतील फरकावर मुख्यतः अवलंबून असतो. समजा, हवा सेकंदाला १८०० मीटर वेगाने आत आली आणि वायू २००० मीटर वेगाने बाहेर पडला. लाभ दोनशे मीटरचा. आता बाहेर पडणाऱ्या वेगाच्या मोजमापात केवळ पाच टक्क्यांची चूक झाली, तर ती शंभर मीटरची होते. म्हणजे साऱ्या लाभाच्या निम्मी. यान पुढे झेपावेल की हवेच्या रोधापुढे हार खाईल, हा निवाडाच मग अनिश्चित होतो. म्हणून तापमान व वेग यांचा अचूक आकडा हा यानाच्या जीवनमरणाचा प्रश्न ठरतो.

भारताने या क्षेत्रात टप्प्याटप्प्याने वाटचाल केली आहे. २८ ऑगस्ट २०१६ रोजी इस्रोने श्रीहरिकोट्याहून सोडलेल्या अग्निबाणावर दोन स्क्रॅमजेट इंजिने सुमारे पाच सेकंद चालवून दाखवली. ७ सप्टेंबर २०२० रोजी संरक्षण संशोधन व विकास संस्थेच्या प्रात्यक्षिक यानाने ओडिशाच्या किनाऱ्यावरून झेप घेऊन ध्वनीच्या सहापट वेगाने वीस सेकंदांहून अधिक काळ उड्डाण केले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये हैदराबादेत मॅक ५ ते १२ या वेगांसाठीच्या वातबोगद्याचे उद्घाटन झाले. आणि एप्रिल २०२५ मध्ये स्क्रॅमजेटच्या लहान प्रतिकृतीचा ज्वलनकक्ष जमिनीवरील चाचणीत एक हजार सेकंदांहून अधिक काळ प्रज्वलित राहिला. पाच सेकंदांपासून हजार सेकंदांपर्यंतच्या या प्रवासात आतील उष्णतेचे कोडे अधिकाधिक गहन होत जाते. क्षणभराची उष्णता धातू सोसू शकतो. सतरा मिनिटांची नव्हे.

विजेच्या बटणापर्यंत

हे तंत्र केवळ क्षेपणास्त्रे आणि अंतराळयाने यांच्यापुरते नाही. मोठ्या जेट इंजिनाच्या टर्बाइनमध्ये शिरणारा वायू पंधराशे अंशांच्याही पुढे जातो. पाती ज्या मिश्रधातूची असतात, त्याच्या वितळणबिंदूहून हे तापमान अधिक असते, आणि पात्यांच्या आतून खेळवलेल्या हवेमुळेच ती टिकतात. तापमानाचा अंदाज चुकला तर पात्यांचे आयुष्य झपाट्याने घटते. कोळशावर चालणारी जी वीजकेंद्रे नागपूरकरांना कोराडी आणि खापरखेडा या नावांनी परिचित आहेत, त्या प्रकारच्या केंद्रांतील बाष्पित्रांत जगभर हेच अर्धवाहक लेसर तापमान, प्राणवायू आणि कार्बन मोनॉक्साइड मोजण्यासाठी वापरले जातात. तेथे वायूचा वेग थोडा असतो, पण धूर, राख आणि ज्वाला यांमध्ये कांडी टिकत नाही, ही अडचण तीच. ज्वलन कोठे अपुरे होते आहे हे कळले, तर कोळसा वाचतो आणि धुराड्यातून निघणारे प्रदूषणही घटते.

अर्थात, प्रकाशाच्या या तापमापकालाही मर्यादा आहेत. शोषणाची पद्धत किरणाच्या संपूर्ण मार्गावरील जणू सरासरीच सांगते. मध्यभागी ज्वाला आणि भिंतीलगत थंड थर असेल, तर दोन्ही एकात मिसळतात. त्यासाठी रुग्णालयातील सीटी स्कॅनप्रमाणे अनेक दिशांनी किरण सोडून आतील चित्र गणिताने उलगडावे लागते. ‘कार्स’ एका बिंदूचे उत्तम उत्तर देते, पण त्याची आरशा-भिंगांची मांडणी हादऱ्यांनी बिघडते आणि ती उड्डाणात नेणे कठीण. खिडक्या तडकतात, काजळतात. म्हणून कोणतीही एक पद्धत पुरी पडत नाही. दोन-तीन पद्धतींची उत्तरे ताडून पाहिल्यावरच अभियंता आकड्यावर विश्वास ठेवतो.

ज्या प्रकाशाचे विखुरणे रामन यांनी सूर्यकिरण, गाळण्या आणि एक छोटा वर्णपटदर्शक एवढ्या साधनांनिशी न्याहाळले, तोच प्रकाश आज ज्वालेच्या गाभ्यातून सुखरूप परत येऊन तेथील खबर देतो. त्याने आणलेला आकडा बरोबर असेल, तरच यानाच्या भिंती किती जाड असाव्यात आणि त्यात इंधन किती भरावे, हे कागदावर मांडता येते.